चार हजार पुस्तकं आणि एक डोळा

मी पाटी बोलतेय. खडूची नव्हे, विजेची. दुकानदार मला ई-रीडर म्हणतात, खोक्यावर तर माझं नाव मालगाडीएवढं लांब होतं. पण या घरात स्वयंपाकाला येणारी महानंदा मला पाटी म्हणते, तेच मला पटलं. माझी बोली तोंडाळ वाटली तर तीही तिचीच. दिवसभर ओट्याजवळच्या फळीवर पडलेली असते मी, कानावर येईल तेच तोंडात येणार. पोटात पुस्तकं आहेत म्हणून मला शिकलेली समजू नका. पुस्तकं कपाटातही असतात, म्हणून कपाट शहाणं होत नाही.

ऐका. गोड लागणार नाही, आधीच सांगते.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या गोदामाची. पत्र्याखाली खोक्यांची चळत, त्यात माझ्यासारख्या शेकडो जणी. मी तिथं धूळ खात पडले होते तेव्हा जे. पी. नगरात पाचव्या मजल्यावर एक माणूस मला निवडत बसला होता. पुष्कर त्याचं नाव. नागपूरचा, इथं संगणकाच्या कंपनीत. त्या निवडीची कहाणी या घरात पुढं इतक्यांदा सांगितली गेली, की मी समोर असल्यासारखी सांगू शकते.

पाटी त्याला आईसाठी हवी होती. आई म्हणजे वसुमतीबाई, वय एकाहत्तर. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केलेली बाई. दोन कॉलच्या मधल्या वेळात मांडीवरचं पुस्तक वाचायच्या आणि साहेब आला की पदराखाली सारायच्या. नवरा गेला, तसं लेकानं इकडं आणलं. येताना पिशवीत एक कादंबरी होती, नवऱ्याच्या आजारपणात अर्धी राहिलेली. खुणेला दवाखान्याची चिठ्ठी घातलेली. गोष्टीतली बाई घर सोडून निघालीय आणि नदीच्या घाटावर येऊन थांबलीय. पुढं ती गेली की परतली? एकशे चाळीस पानं उरली होती.

नेमका तेव्हाच डोळा फिरला. डावा आधीच कामातून गेलेला. आता उजव्याच्याही मधोमध डाग. बाजूबाजूचं दिसतं, ज्याच्याकडं बघावं तेच दिसत नाही. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "आजी, या डोळ्याचा भरवसा मी देणार नाही. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. मोठी अक्षरं असतील तर वाचता येईल. वाचायचं असेल ते आत्ताच वाचून घ्या."

पोरानं हे मनाला लावून घेतलं. पोरगा वाईट नाही, तेवढं मी म्हणेन. पण त्यानं काय केलं? तक्ता केला. एकवीस पाट्या, पंचवीस रकाने. हिचा उजेड पिवळा, तिचा पांढरा, ही पाण्यात बुडली तरी चालते.

"आई काय पोहता पोहता वाचणार आहेत?" त्याच्या बायकोनं, क्षमानं विचारलं.

"फीचर आहे गं. असलेलं बरं."

वसुमतीबाईंनी एकदाच तोंड उघडलं. "त्यात अक्षर केवढं दिसते रे?"

"आई, तीनशे पीपीआय म्हणजे एकदम क्रिस्प."

"हो का," म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

तीन महिने गेले असे. तिघी-चौघींना शेवटच्या फेरीत घेतलं, परत बाहेर काढलं, सणाच्या सेलसाठी थांबला. अहो, वांगं घेताना तुम्ही दाबून बघता. साडी घेताना खांद्यावर टाकून बघता. आणि म्हातारीच्या डोळ्यासाठी घ्यायची वस्तू तिच्या डोळ्यापुढं एकदाही न धरता घेता? ज्यांनी कधी कुणाची आई पाहिली नाही अशा परक्या लोकांनी नेटवर दिलेल्या चांदण्या मोजून घेता? मला तेव्हाच शिसारी यायला हवी होती. पण मी खोक्यात होते, मला वाटलं माझं नशीब उघडलं.

खोकं उघडल्या दिवशीच माझ्या तोंडावर काच बसली.

माझं तोंड मुद्दाम कागदासारखं खरबरीत केलेलं आहे, उजेड पडला तरी चमकू नये म्हणून. त्यासाठीच तर मला घ्यायची. पुष्कर मला उचलून खालच्या चौकातल्या मोबाईलवाल्याकडं घेऊन गेला. तो कानडीत म्हणाला, "ग्लास हाक्ला, सार?" म्हणजे काच घालू का. हा म्हणाला, "सरी, हाकी." मोबाईलला घालतात म्हणून मलाही घातली. गुळगुळीत, आरशासारखी. त्या दिवसापासून माझ्यात खिडकी दिसायला लागली, ट्यूबलाईट दिसायला लागली, बघणाऱ्याचं नाक दिसायला लागलं. वसुमतीबाईंनी मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यांना माझ्यात सगळ्यात आधी दिसला तो छताचा पंखा.

मग माझं पोट भरलं. ऑफिसातल्या कुठल्याशा ग्रुपवर मराठी पुस्तकांचं गाठोडं फुकट फिरत होतं. पुष्करनं ते सगळं माझ्यात ओतलं. चार हजार पुस्तकं! पुस्तकं कसली, पुस्तकांचे फोटो. कुणीतरी पुस्तक पालथं दाबून धरायचं, वरून फोटो मारायचा. पान तिरकं, कडा काळ्या, मध्येच चहाचा डाग, आणि खालच्या कोपऱ्यात त्या माणसाचा अंगठा. पितळी अंगठी घातलेला, नखात मळ असलेला अंगठा. पानोपानी तोच. ज्यानं लिहिलं त्याला विचारलं नाही, ज्यानं छापलं त्याला विचारलं नाही. आणि असल्या फोटोतली अक्षरं मोठी होत नाहीत हो. ताणलं की अर्धी ओळ पानाबाहेर पळते. किळस येते मला. चोरून आणलं तेही धड आणलं नाही.

खंडेनवमीला मला पाटावर मांडलं. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला गाडीची किल्ली, मध्ये मी. क्षमानं हळदकुंकू लावलं. कुंकवाचा एक दाणा अजून माझ्या चार्जिंगच्या भोकात आहे. पुष्कर म्हणाला, "आई, चार हजार पुस्तकं! आता नागपूरची लायब्ररी विसर."

त्यांनी मला डोक्याला लावलं. "छान आहे रे," म्हणाल्या.

आता माझी एक घाणेरडी सवय सांगते. मी चाडी करते. कुणी किती पानं उलटली ते मी वायफायवरून मालकाच्या मोबाईलला कळवते, टक्क्यांत. पहिल्या आठवड्यात ऑफिसातून फोन आला. "आई, अजून शून्य टक्के? आवडली नाही का तुला?"

"अरे बाप्पा, वाचते, वाचते."

त्या दुपारी त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. शोधत शोधत ती घाटावरची कादंबरी काढली. होती माझ्यात, चार हजारांत तीही होती. मला नाकाला टेकवलं. लांब धरलं. तिरकी केली, पदरानं पुसली. मी त्यांच्या चेहऱ्याच्या इतकी जवळ होते की श्वास माझ्यावर धुकं धरत होता. त्यांना दिसत होत्या फक्त करड्या रेघा. आणि नेमक्या त्या पानावर, जिथं ती बाई घाटावर उभी आहे, तिथं त्या मेल्याचा अंगठा.

त्यांनी मला मांडीवर ठेवलं. खिडकीबाहेर बघितलं. आणि माझ्या उजव्या कडेवर टिचकी मारली. पान उलटलं. परत टिचकी. परत. माळ ओढावी तशी, बघायचं बाहेरच्या पिंपळाकडं आणि बोट माझ्यावर. संध्याकाळी फोन आला, "अरे वा आई! सत्तावीस टक्के एका दिवसात!" त्या हसल्या. लेकाला बरं वाटलं म्हणून हसल्या.

मग ते रोजचंच झालं. जेवण झालं की तासभर टिचक्या. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर झोपायचं असा मला हुकूम आहे, पण झोप कसली, दर अर्ध्या मिनिटाला डोक्यात ठोका. चार महिन्यांत एक्केचाळीस पुस्तकं शंभर टक्के. एक अक्षर वाचलेलं नाही. मला त्यांची चीड येत होती, पोराची येत होती, पण खरी किळस माझी मलाच येत होती. खोटं सांगणाऱ्यापेक्षा ते घरोघरी पोचवणारी वाईट, आणि ती मी होते. आणि त्या चार महिन्यांत डोळ्यातला डाग काही माझ्यासाठी थांबला नव्हता.

पुष्कर ज्याला त्याला सांगत सुटला. लिफ्टमध्ये सांगायचा, ऑफिसात सांगायचा. ते चामराजपेटेतल्या मराठी मंडळापर्यंत गेलं. तिथले अप्पासाहेब, चार पिढ्यांपासून इथलेच, त्यांचा फोन आला. पुष्करनं स्पीकरवर टाकला.

"वैनी, सत्तावीस फेब्रुवारीला मराठी दिन. तुम्ही बोलायचं. स्वल्प पंधरा मिनिटं. एक्केचाळीस पुस्तकं वाचलेली बाई आमच्यात कोण नाही ओ!"

वसुमतीबाई काही म्हणायच्या आत पुष्कर म्हणाला, "येणार, येणार! आई नक्की येणार."

वसुमतीबाईंनी मला उचलून फळीवर पालथी ठेवली.

आता महानंदा. निपाणीकडची. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेली, मग पाठची भावंडं सांभाळायला बापानं घरी बसवली. भाकरी थापताना तोंड कधी बंद नाही. एक दिवस म्हणाली, "आज्जी, येवढं वाचताय तर मला बी सांगा की एक गोष्ट. हात चालतोय, कान रिकामाच हाय."

वसुमतीबाईंनी मनानं रचून सांगितली. दुसऱ्या दिवशी पुढची. तिसऱ्या दिवशी महानंदाचा हात परातीत थांबला.

"थांबा, थांबा. परवा त्या बाईचा नवरा मेला म्हणालासा. आज त्यो बाजारला कसा गेला ओ?"

"तो दुसरा नवरा."

"आन् काल दोन ल्योक होते. आज एक लेक हाय."

"मोठी कादंबरी आहे गं ती."

"मोठी असू दे की. कादंबरीत पोरं बदलत्यात व्हय?"

आणि पिठाच्या हातानंच तिनं मला उचललं. बोट ठेवून वाचायला लागली, चौथीतल्यासारखं, "न... दी... च्या..." मग मला उजेडाकडं धरलं, मग उजेडाकडून फिरवलं. "शी! काय ओ हे? ह्यात माझंच त्वांड दिसायलंय. आन् हा कुणा मुडद्याचा अंगठा? आज्जी, माझे डोळे धड हाईत आन् मला दिसंना. तुम्हाला काय दिसतंय?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. कुणी उलटली नाही.

"काही नाही," वसुमतीबाई म्हणाल्या.

"काही न्हाई म्हंजे?"

"म्हणजे काही दिसत नाही, बाप्पा. चार महिने झाले. एक ओळ वाचली नाही मी."

महानंदा मटकन स्टुलावर बसली. "पुष्करअण्णास्नी सांगितलं न्हाई?"

"तीन महिने खपून आणली गं त्यानं. मन मोडेल त्याचं."

"त्यांचं मन मोडू ने म्हणून तुम्ही डोळा घालवायलाय?"

"हौसेनं आणली ना."

"हौस घाला चुलीत."

असं म्हणून तिनं सुरी घेतली. मला वाटलं, संपलं माझं. तिनं टोक माझ्या कोपऱ्यात घातलं आणि ती काच खालपासून वरपर्यंत उचकटली. माझा एक टवका उडाला, अजून दिसतो. पण चार महिन्यांनी माझ्या तोंडाला वारा लागला.

एरवी ती पाचला जाते. त्या दिवशी बसून राहिली. सातला पुष्कर आला, हेल्मेट काढलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला, तोंड धुवायला गेला. महानंदानं तुपाच्या डब्यात अंगठा बुडवला आणि चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध उमटवला.

"हे काय करताय तुम्ही?" पुष्कर टॉवेल धरून उभा.

"घाला."

"अहो, पण..."

"घाला म्हणते न्हवं! आन् ह्ये पान वाचा. आज्जीला दिलंय तेच."

त्यानं घातला. आईकडं बघितलं, त्या खाली बघत होत्या. त्यानं मला हातात घेतलं. मान डावीकडं, मान उजवीकडं, कोंबडी दाणा शोधते तशी. "दिसत नाहीये काही."

"आज्जीला असंच दिसतंय. रोज. तुम्ही टक्के मोजा."

"पण आई... एक्केचाळीस पुस्तकं?"

"बोट चालत होतं रे," वसुमतीबाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं बोटांचीच नोकरी केली मी."

आणि मग या माणसानं काय करावं? तुपाचा चष्मा कपाळावर सरकवला आणि लॅपटॉप उघडला. "सॉरी आई. सिलेक्शन चुकलं माझं. दहा इंची घ्यायला हवा होता. मी आजच नवीन शीट करतो, दोन-तीन आठवड्यांत..."

त्या घरात मला जितकी किळस आली असेल, त्या सगळीहून जास्त त्या क्षणी आली. लॅपटॉपवर उडी मारता आली असती तर मारली असती.

"पुष्कर, बंद कर ते." वसुमतीबाईंचा असला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ट्रंक कॉल तोडतानाचा असेल तो. "माझ्याकडे आणखी तीन महिने नाहीत."

झाकण बंद झालं.

तेव्हा क्षमा, जी आत्तापर्यंत दारात पर्स घेऊनच उभी होती, तिनं विचारलं, "आई, तुम्हाला वाचायचंय तरी काय?"

सात महिने. सात महिन्यांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं.

वसुमतीबाई आत गेल्या, पिशवीतली कादंबरी घेऊन आल्या. चिठ्ठी होती तिथंच होती. क्षमानं मोबाईलवर नाव घातलं. प्रकाशकानं नीट बनवलेली, अक्षरांची, फोटोंची नव्हे, अशी प्रत होती. तिनं ती विकत घेतली. चहाला आधण येतं तेवढाही वेळ लागला नाही. मग माझ्या कोपऱ्यात बोट ठेवून तिनं अक्षर वाढवलं.

"एवढं?"

"आणखी."

"आता?"

"आणखी, बाई."

पानावर सातच ओळी उरल्या. मी कधी एवढी मोकळी झाले नव्हते. महानंदा म्हणाली, "आता वाचून दावा. मोठ्यानं. न्हाईतर तुमचा काय भरवसा न्हाई."

वसुमतीबाईंनी मला किंचित बाजूला धरलं, डागाच्या कडेनं बघायला. घसा साफ केला. "'नावाडी म्हणाला, बाई, यायचं तर बसा, पाणी वाढतंय.'" आणि थांबल्या. शब्द न शब्द सुटा, तारेवरून परगावी पोचवावा तसा. मग पुढची ओळ. मग पुढची. पुष्कर खुर्चीत बसून ऐकत होता. तुपाचा चष्मा अजून कपाळावरच होता, तो पुसायचंही सुचलं नाही त्याला.

सत्तावीस तारखेला त्या चामराजपेटेत गेल्या. मी पिशवीत होते. उभं राहून म्हणाल्या, "एक्केचाळीस पुस्तकं मी वाचली, हे खोटं आहे. एका पुस्तकाची बावीस पानं वाचली. तेवढी सांगते." अप्पासाहेब म्हणाले, "सरी वैनी, बावीसच सांगा." सगळ्यात पुढं पुष्कर बसला होता. मान खाली होती त्याची. असू दे. थोडी खाली राहिलेली बरी.

आता माझं काय चाललंय? टवका उडालाय, पाठीला पीठ चिकटलंय. चार हजार फोटो क्षमानं एका झटक्यात पुसले, तो अंगठा गेला. पोटात एकच पुस्तक आहे. उजव्या डोळ्यातला डाग वाढलाय, सातच्या जागी आता पाच ओळी लागतात. गोष्टीतली बाई नावेत बसलीय, नाव अजून पाण्यात आहे. ती पार पोचेल तोवर डोळा पुरेल का, ते मला सांगता येत नाही, डॉक्टरलाही येत नाही. फुकट गेलेले सात महिने असते तर पुरला असता, एवढं मला येतं सांगता.

परवा पुष्करचा ऑफिसातून फोन आला. सवय जाते होय? "आई, आठवड्यात तीनच टक्के? बरं नाही का तुला?"

"आता वाचून राहिले ना रे," त्या म्हणाल्या, "म्हणून कमी."

तुम्ही कुणी माझ्यासारखी घ्यायला निघाला असाल तर माझ्यावर एवढी मेहेरबानी करा. तक्ते करू नका. जिला वाचायचंय तिच्या हातात द्या, तिला हवं ते पान उघडा आणि सांगा, मोठ्यानं वाच. ती वाचायला लागली तर घ्या. नुसतं छान आहे म्हणाली, तर मुकाट परत ठेवा.

बाकी माझं बरं चाललंय. पाच ओळींना वसुमतीबाईंना कधी दहा मिनिटांहून जास्त लागतात. तेवढ्यात माझा डोळा लागतो, हुकूमच आहे तसा. मग कडेवर हळूच एक टिचकी बसते.

"ऊठ बये," त्या म्हणतात. "पान संपायचं आहे अजून."